तिसऱ्यांदा शिकाऊ

सकाळी सहाला तळवड्याच्या चौकात कंपनीची बस यायची. करिष्मा खिडकीशी बसून चाकण येईपर्यंत डुलकी काढायची. त्या मंगळवारीही तिनं तेच केलं.

बारावीनंतर तिनं कौशल्य केंद्रात मशीन ऑपरेटरचा कोर्स केला होता. योजना सरकारची, शिकवणार केंद्र आणि नोकरी देणार कंपनी. कंपनीनं तिला 'शिकाऊ' म्हणून घेतलं. वर्ष सरलं तेव्हा कायम करण्याऐवजी केंद्रानं तिचं नाव दुसऱ्या कोर्समध्ये घातलं, आणि यंदा तिसऱ्या. कोर्सची नावं बदलली. काम तेच राहिलं, प्रेसवर गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या दाबायचं. तिच्या मूळ गुणपत्रिका केंद्राच्या कपाटात अडकल्या होत्या. हजेरीच्या वहीत सकाळी आठ ते बारा सगळ्या मुली वर्गात असायच्या. खरं तर त्या वर्गात खोकी रचलेली होती.

दहाच्या सुमारास शेजारच्या प्रेसवरची हर्षाली किंचाळली. हात मध्ये आला की प्रेस आपोआप थांबावी म्हणून बसवलेला सेन्सर, कामाचा वेग वाढावा म्हणून, महिनाभर बंद होता. करिष्मानं धावत जाऊन लाल बटण दाबलं. तोवर हर्षालीची दोन बोटं गेली होती.

बुधवारी केंद्राच्या शेखर सरांनी करिष्माला कंपनीच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला जबाब होता : हर्षाली त्या वेळी वर्गात होती, बाहेर पडताना दारात तिची बोटं सापडली.

"साक्षीदार म्हणून सही कर," सर मायेनं म्हणाले. "पुढच्या महिन्यात तुझं कायमचं लेटर काढायला लावतो."

"सर, ती प्रेसवर होती."

"वहीत वर्गात आहे ना? वही खोटी म्हटलीस तर तुझं तीन वर्षांचं शिक्षणही खोटं ठरेल. मग कुठं जाशील? उद्या सकाळपर्यंत सांग."

संध्याकाळी ती हर्षालीच्या गावी गेली. हर्षालीच्या आईनं, सगुणाबाईंनी, चहा पुढं ठेवला आणि त्या बाहेर जाऊन बसल्या. हर्षालीचा हात उशीवर होता, पांढऱ्या पट्ट्यांचा गोळा झालेला.

"तुलाबी सही मागितली व्हय?" तिनं विचारलं. करिष्मानं मान खाली घातली.

"कर बाई. माझी बोटं काय आता उगवायची न्हाईत. तुझं तरी भलं होऊ दे."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं करिष्माला परतताना सारखं वाटत राहिलं.

घरी वडील, सयाजी, जेवायला बसले होते. लातूरकडून येऊन त्यांना एकोणीस वर्षं झाली, आणि अजून ते ठेकेदाराकडेच हेल्पर होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "सही करून टाक. पाहुणे बघायला यायलेत. पोरगी कायम झाली म्हणलं की आपली मान वर राहती. तू न्हाई केलीस तर दुसरी कुणीतरी करंलच की."

चुलीपाशी... आता गॅसच होता, पण आई, कौशल्याबाई, बसायची तशीच, उकिडवी. तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"तुमच्यासंगं कामाला असलेला ज्योतीराम शेडवरून पडला तवा तुमीबी सही केलीच की," ती हळूच म्हणाली. "दारू पिऊन चढला होता म्हणून. माळकरी माणूस त्यो."

सयाजींनी घास ताटात ठेवला.

"त्याच्या गल्लीतून मी अजून जात न्हाई," ते म्हणाले. "कासारवाडीला जायचं तर लांबून वळसा घालतो." आणि मग लेकीकडं न बघता, "तुला काय करायचं ते कर, बाई."

गुरुवारी करिष्मानं शेखर सरांकडून पेन मागून घेतलं. सरांचा चेहरा खुलला. तिनं टाइप केलेल्या मजकुरावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं : हर्षाली दहा वाजता प्रेसवर होती. सेन्सर महिनाभर बंद होता. आमचा वर्ग तीन वर्षांत एकदाही भरला नाही. त्याखाली सही केली आणि मोबाइलवर फोटो काढला.

अर्ध्या तासात तिचा गेटपास काढून घेतला गेला. गुणपत्रिका मागितल्या तर सर म्हणाले, "कपाटाची किल्ली हरवलीय."

शुक्रवारी ती सरकारी कामगार कार्यालयात तक्रार द्यायला गेली. सयाजी खाडा करून सोबत आले होते. कारकुनानं फॉर्म पुढं सरकवला, मग पेन अडवं धरून विचारलं, "तुम्ही आणि ती जखमी मुलगी, दोघी कामगार का विद्यार्थिनी? कामगार असाल तर इथं. विद्यार्थिनी असाल तर ही तक्रार आमच्याकडं येत नाही."

"कंपनी म्हणते विद्यार्थिनी. केंद्र म्हणतं नोकरीला लावल्या," करिष्मा म्हणाली. "बोटं तुटली तेव्हा हर्षाली कोण होती, ते तुम्हीच लिहा."

"असं कसं लिहिणार? आधी ठरवून या."

"ठरवायचं तुम्ही. आम्ही बसतो."

ती बाकावर बसली. सयाजी तिच्या शेजारी बसले. दुपार झाली, कारकून डबा खाऊन आला, तरी फॉर्ममधली ती जागा कोरीच होती. योजनेच्या अहवालात मात्र दोघींची नोंद 'यशस्वीरीत्या रोजगारास जोडलेल्या' अशी कधीच झाली होती. वाचकहो, तो अहवाल जनतेच्या, म्हणजे आपल्याच नावानं लिहिला जातो. त्या कोऱ्या जागेत काय लिहायचं, हे एकट्या कारकुनावर सोडून कसं चालेल?