खुर्चीच्या पायाचा दोरा

कुणाला पटायचं नाही, शपथेवर सांगितलं तरी हसण्यावारी नेतील, पण दोरा दुसरा होता. होता जागच्या जागी, टेबलाच्या खणाच्या मुठीपासून खुर्चीच्या पायापर्यंत ताणलेला, आणि तरी तिचा नव्हता. सहलीला निघताना तिनं बांधलेला काळा, आईनं सुया-बटणांबरोबर डबीत घालून दिलेल्या रिळातला. हा गडद निळा. पाठीवरची पिशवी न उतरवता ती गुडघ्यांवर बसली. गाठी मोजल्या. तीन. तिनंही तीनच मारल्या होत्या, पण तिच्या म्हणजे पुडीला मारतात तशा, आणि या... तिळाएवढ्या, एकसारख्या, शेपट्या नीट कातरलेल्या. खाली मालकीणबाईंचं शिवणयंत्र टकटकत होतं. लोकांचे कपडे उसवून, बेतून, पुन्हा शिवून देणाऱ्या बाईच्या गाठी.

म्हणजे बाई आत आली होती.

तिनं दोरा तोडला, खण उघडला. पासपोर्ट, आईची दोन पत्रं, बाबांचं जुनं पेन — सगळं होतं तसं. काही गेलं नव्हतं, आणि याचाच तिला जास्त संशय आला. चोर परवडला, त्याला काय हवं ते निदान कळतं. पण जो येतो, बघतो, काही नेत नाही, आणि शिवाय जाताना दोरा बांधून जातो...

तीन दिवस ती वर्गाबरोबर दुसऱ्या शहरात होती. तिथल्या संग्रहालयाच्या दाराशी भिंतभर खुंट्या, राखायला कुणी नाही, आणि पोरं-पोरी आपापले जाड कोट त्यांवर टांगून हात हलवत आत गेलेली. हिनं कोट पोटाशी धरला आणि सात दालनं घामाघूम होऊन फिरली. चित्रांतले राजेराण्या एकजात विसरली, पण सातवी खुंटी वाकडी होती हे आजही सांगेल. बाहेर आल्यावर सगळे कोट जागेवर. "बघितलंस?" बरोबरची मुलगी हसत म्हणाली. बघितलं ना — आज गेले नाहीत, एवढंच बघितलं.

परतीच्या गाडीत तिनं तक्रारीचा अर्ज भरून टाकला होता. "मालकीण माझ्यामागे खोलीत शिरून खण उघडते." फक्त तारीख मोकळी, पुरावा हाती आला की घालायला. कॉलेजच्या खोल्या लावून देणाऱ्या कचेरीतला कारकून म्हणाला होता, एक तक्रार आली की ते घर यादीतून कायमचं बाद. कचेरी पाचला बंद होते. आता चार वाजून गेलेले. तिनं तारीख घातली.

घरी तिला फौजदार म्हणत. नऊ वर्षांची असताना आईच्या कानातली कुडी नाहीशी झाली तेव्हा भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी खण उघडला हे हिनंच सांगितलं, मी पाहिलं म्हणून — पाहिलं होतं का मी? उघडताना, की फडक्यानं नुसता पुसताना? — आणि त्या मावशींनी आपली कापडी पिशवी ओट्यावर उपडी केली होती. कंगवा, औषधाची बाटली, लेकराचा एक मोजा. त्या पुन्हा आल्या नाहीत. "फौजदारच आहे आमची!" असं बाबा कौतुकानं म्हणाले. दोन महिन्यांनी कुडी खणामागच्या फटीत सापडली, आणि मावशी राहतात कुठं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव मात्र तेच राहिलं.

अर्ज कोटाच्या खिशात घालून ती जिना उतरली. मालकीणबाई एका पँटच्या पायाला दुमड घालत होत्या, ओठांत टाचण्या. हिला पाहून त्यांनी त्या एकेक काढून डबीत टाकल्या.

"आलीस? ये. आधी मला चार शब्द सुनावून घे."

"का?"

"मंगळवारी झाडायला गेले वर, खुर्ची ओढली, आणि तुझा तो दोरा तुटला. जीव खालीवर झाला बघ माझा! परक्या मुलखातली पोर, काय नेमधर्म असेल तिचा. नशीब, गाठी मोजल्या होत्या. काळा रीळ संपलेला. निळा चालतो ना गं?"

मंगळवारी झाडलोट. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी, किल्ली देताना. आणि खुर्ची ओढल्याशिवाय झाडणार कसं? खण उघडणारा आणि केर काढणारा, दोघंही एकाच दोऱ्यात सापडतील असा सापळा लावला होता फौजदारानं... खिशात कागद कुरकुरला.

"चालतो की," ती घाईनं म्हणाली. "आमच्याकडे प्रवासाला निघताना बांधतात. माणूस सुखरूप परत यावं म्हणून. आजी बांधायची, पणजी बांधायची. पणजोबा एकदा न बांधताच निघाले, तर नाव उलटली!"

"अगं बाई! मग?"

"पोहत आले. दोन दिवस. एका हातानं."

"एका हातानं का?"

"दुसऱ्या हातात ट्रंक होती."

मालकीणबाई हसल्या नाहीत. पँट मांडीवर तशीच, आणि चष्म्यावरून त्या बघत राहिल्या — असं तिच्याकडे इथं कुणी बघितलंच नव्हतं. बघत ती असायची.

"दोऱ्याचं दुसरं टोक कुठं होतं, पोरी?"

"कुठं म्हणजे..."

"खुर्चीच्या पायाला. कोण परत यायचं होतं, खुर्ची?"

त्यांचा हात अॅप्रनच्या खिशात गेला, आणि तिला एकदम वाटलं, आता खिसा उपडा करतील, इथंच, टेबलावर — नको, काही दाखवू नका, मी काही विचारलेलं नाही... हात बाहेर आला. खडूचा तुकडा होता नुसता.

"खोटं," त्या कापडावर रेघ ओढत म्हणाल्या. "आता खरं सांग. काय गेलं होतं तुझं?"