आत्या भिंत झाली तेव्हा

पोलीस ॲक्शनला पंधराएक वर्षं झाली असतील. मला एम.एस्सी.चं दुसरं वर्ष करायचं होतं आणि नाना, म्हणजे माझे वडील व्यंकटराव, नाही म्हणून बसले होते. शेवटी एवढ्यावर कबूल झाले, "पद्मजा, तू काय शिकतेस ते आधी या बायकांना समजावून दाखव. जमलं तर जा."

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी मोठ्या चौकोनी फरश्या होत्या. चार फरश्यांवर मी चौघींना बसवलं. पुढं, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, कालिंदीआत्या आणि आई, त्यांच्या मागं शेजारच्या सारजाबाई आणि आवडाबाई.

"ही खोली म्हणजे तापलेला पत्रा. स्वयंपाकघराकडची भिंत ऐंशी अंश, बाकीच्या तिन्ही शून्य. भिंतींचे आकडे पक्के, मधले आपण शोधायचे. आधी मनाला येईल तो आकडा सांगा. मग पुढचा, मागचा, डावा, उजवा अशा चौघांच्या बेरजेचा चौथा हिस्सा, तो आपला नवा आकडा. बाई नसेल तिकडं भिंत धरा. शेजारीण बदलली की आपणही बदलायचं, सगळ्या स्थिर होईपर्यंत."

"म्हंजे शेजारणीचं ऐकून बोलायचं," सारजाबाई म्हणाल्या. "ते तर आमी रोजच करतो की!"

आत्या म्हणाली पन्नास. तिची पाळी पुन्हा आली तेव्हाही पन्नासच.

"वन्सं, बदला ना!" आई म्हणाली.

"जबान फिरवणं आपल्या खानदानात नाही."

बाकीच्या तिघी बदलत बदलत थांबल्या. आई छत्तीसवर.

नानांनी पेपर खाली ठेवला. "दोघी भिंतीला सारख्याच लागून, मग एक पन्नास आणि एक छत्तीस कशी? जमलं नाही तुला."

मला एकदम सुचलं. "आत्या, ऊठ. तू भिंत हो. स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बस. तुझे ऐंशी. कुणी काही म्हणो, हलायचं नाही."

"हे आधी सांगायचं की!" आत्या खुशीत पाटावर बसली.

"नाना, तिची जागा आता तुमची."

"साठ," नाना रुबाबात म्हणाले. बायका आकडे सांगू लागल्या. अपूर्णांक सोडून दिले. साठाचे झाले तेहेतीस, मग एकतीस, मग तीस. तिथं सगळे थांबले. पुढं तीस-तीस, मागं दहा-दहा.

"व्यंकट," दारातून आत्या म्हणाली, "तीनदा जबान फिरवलीस. आता चौथ्यांदा फिरव. पोरीला जाऊ दे."

नानांनी आईकडं पाहिलं, वळून सारजाबाईंकडं पाहिलं. दोघी हसत होत्या. "भिंतसुद्धा तुमच्यातलीच?"

"व्हय, लई पक्की हाय," सारजाबाई म्हणाल्या.

"जा बाई, शीक," म्हणत नाना उठले.

पानं मांडली तरी आत्या दारातून हलेना. तिला ओलांडून आई वरण आणत होती.