अंजूचा स्टीलचा डबा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं की माणूस निकालाआधी निकाल सांगणाऱ्याचं तोंड बघतो.

अंजू माझ्याकडे पीएचडी करते. चिखल्याची पोर, वडील मॅंगनीजच्या खाणीत. तिनं मॅंगनीजपासूनच नॅनो पावडर बनवली होती, काळी आणि काजळासारखी मऊ. निळ्या रंगाच्या पाण्यात ती टाकायची आणि बाटली भंडाऱ्याच्या उन्हात ठेवायची. ऊन लागलं की पावडर रंग तोडते, पाणी निवळतं. जगातल्या चांगल्या पावडरींना दोन तास लागतात. अंजूच्या पावडरीला चाळीस मिनिटं लागत होती.

कुठंतरी पाणी मुरत होतं. त्यात तो डबा. कॉलेजच्या गच्चीवर जाताना ती दरवेळी स्टीलचा डबा न्यायची आणि बाटलीशेजारी ठेवायची. त्यातलं खाताना मात्र ती कधी दिसली नाही.

"काय असतं गं त्यात?" मी एकदा विचारलं.

"तुमीच तर ठेवायले सांगतलं होतं ना सर," ती हसून म्हणाली.

मी असं काही सांगितल्याचं मला आठवेना. ब्लीचिंग पावडर, माझ्या मनानं ठरवून टाकलं.

पेपर पाठवायला आठ दिवस उरले होते. खोटा निघाला असता तर तिच्याबरोबर माझीही अब्रू गेली असती. म्हणून मी सापळा लावला. राइस मिलमागून धानाच्या तुसाची काळी राख आणली, वस्त्रगाळ केली. अंजूची पावडर कागदाच्या पुडीत बांधून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि पावडरीच्या रिकाम्या बाटलीत राख भरली. दिसायला तीच. राखेनं काय होणार? आता रंग गेला, तर पोरगी सापडली.

बुधवारी रंग गेला. तोही पंचवीस मिनिटांत.

"काय टाकतेस पाण्यात?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"काईच नाई टाकलं सर. पण आजची पावडर..."

"पुरे. उद्यापासून येऊ नकोस."

ती पर्स घेऊन निघाली. डबा आणि वही टेबलावरच राहिली. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

संध्याकाळी आमच्या प्रयोगशाळेतल्या पंचफुलाबाई बाटल्या धूत होत्या. तळाशी बसलेल्या काळ्या गाळावर त्यांनी स्पिरिट ओतलं आणि मला हाक मारली. स्पिरिट निळंशार झालं होतं.

"रंग कोठी गेलाच नाई सर. हे राख हाये, तिनंच ओढून घेतला. आमी भांडे घासतो ना राखेनं, हळदीचा डाग बी अशीच ओढते."

माझी आईही जन्मभर राखेनंच भांडी घासत होती. रंग तुटला नव्हता, राखेला नुसता चिकटला होता. हे मला कळायला हवं होतं.

मी डबा उघडला. आत काळ्या कापडात गुंडाळलेली बाटली होती. तोच प्रयोग, फक्त उन्हाशिवाय. मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी मीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, एक बाटली कायम अंधारात ठेवायची. अंधारातही रंग गेला, तर श्रेय उन्हाचं नाही. आज त्या बाटलीतलं पाणीही निवळ होतं. तिच्या वहीत रोजची एक ओळ होती, "अंधार: निळा." शेवटची ओळ आजची: "अंधारातही गेला. पावडर माझी नाही, राख वाटते. सरांना सांगायचं."

मला स्वतःची लाज वाटली.

मी फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. दोन दिवसांनी ती आली. मी ड्रॉवरमधून पुडी काढून तिच्यापुढे ठेवली.

"ही तुझी खरी पावडर. हात लावलेला नाही."

तिनं पुडी उचलली, उजेडात धरली आणि परत टेबलावर ठेवली.

"माझीच हाये, कशावरून सर?"

तिनं पावडर पहिल्यापासून बनवायला घेतली आणि पेपर दोन महिने लांबला. आकडा पुन्हा चाळीस मिनिटांचाच आला. तिच्या कपाटाला आता कुलूप असतं. किल्ली मी मागितलेली नाही.