डाव्या चाकाचं ग्रीस

गाडीखाली शिरायचं, अजून कुठे ग्रीस गळतंय का ते शोधायचं आणि ते सापडावं म्हणून मनातल्या मनात देवाला हात जोडायचे, अशी उलटी वेळ टेगन टकवेलवर आली होती.

पुढच्या डाव्या चाकामागे ते सापडलंच होतं. अ‍ॅक्सलच्या सांध्यातलं ग्रीस कोंडून ठेवणारं घडीचं रबरी आवरण, म्हणजे बूट, त्याच्या अरुंद टोकातून ग्रीस बाहेर पडून सगळीकडे काळे शिंतोडे उडाले होते. आता उजवीकडेही तसंच निघालं, तर दोष उंचीचा. कच्च्या रस्त्यांसाठी बाबाने तिची फोर बाय फोर चार बोटं उंच करून दिली होती, आणि गाडी उचलली की अ‍ॅक्सल तिरका बसतो, बूट दुमडतो, गळतो. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्ये दर दुसऱ्या घरासमोर असली उंच गाडी उभी आणि प्रत्येकाची हीच रड. पण एकच बाजू गळत असेल, तर चूक बूट बसवणाऱ्या हातांची. आणि हात बाबाचे होते.

बाबाने, म्हणजे मर्व टकवेलने, या गावच्या गाड्या जन्मभर दुरुस्त केल्या. पण ईस्टरपासून त्याचं काहीतरी बिनसलं होतं. शेजाऱ्याच्या गाडीला आपली किल्ली लावून शिव्या देत उभा राहायचा. बार्बेक्यूचा गॅस तसाच सोडून फुटबॉल बघायला बसायचा. डॉक्टरचं नाव काढलं की, "मला काय धाड भरलीय?" आणि सोमवारी टेगन टनामी वाळवंटातल्या कच्च्या रस्त्याने हॉल्स क्रीकला निघणार होती, तिथल्या दवाखान्यात नोकरीवर. बाबा मागे एकटा. त्याला असं सोडून जावं की नाही, हे ती आता रबराच्या तुकड्याला विचारत होती. वेडेपणाच, पण घाबरलेलं माणूस कुणालाही विचारतं.

पाठीवर सरकत ती उजवीकडे गेली. बुटाभोवती बोट फिरवलं. नुसती लाल धूळ. मागच्या घडीत नख घालून पाहिलं. ठणठणीत कोरडं. म्हणजे दोष उंचीचा नव्हता.

परत येऊन तिने डावीकडच्या बुटाचं तोंड आवळणारी पट्टी कापली, तर फस्स करून हवा सुटली आणि फुगलेला बूट खाली बसला. म्हणजे चाक हवेत लोंबकळत असतानाच पट्टी आवळलेली, आणि गाडी खाली टेकल्यावर आत कोंडलेल्या हवेने ग्रीस बाहेर ढकललेलं. गाडी चाकांवर उभी करा, आतली हवा सोडा, मगच आवळा, हे मर्वने अर्ध्या गावातल्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. टेगनलाही.

"काय गं, गाडीखालीच संसार थाटलास?" चहाचे मग घेऊन मर्व आला होता. तिला फक्त त्याचे जोडे दिसत होते.

"डावीकडचा बूट गळतोय बाबा."

"डावीकडचा?" मगातला चहा हिंदकळून खाली सांडला.

"उंच गाडी म्हटल्यावर गळणारच," ती घाईघाईने म्हणाली. "शेजारच्या डॅरिलची तर दोन्हीकडून गळते."

"डॅरिलच्या बायकोला त्या गाडीत चढायला क्रेन लागते!" मर्व खूश होऊन हसला. "बरोबर आहे. उंचीचाच दोष."

टेगनला हायसं वाटलं. नवं ग्रीस भरून तिने बुटावर नवी पट्टी चढवली, पक्कड हातात घेतली, तेवढ्यात ते जोडे गाडीला वळसा घालून चालू लागले.

"कुठे चाललास?"

"उजवीकडचा बघतो. एक गळला की दुसराही गळतो."

"राहू दे ना! चहा निवतोय तुझा."

"निवू दे. जन्म गेला माझा यात."

त्याचे गुडघे टेकले, मग खांदा, मग चेहरा. ग्रीसने कायमचं काळवंडलेलं ते बोट बुटाभोवती फिरलं, सावकाश. मागच्या घडीतही गेलं. त्याने बोट अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"कोरडा आहे," मर्व म्हणाला.

दुसऱ्या कुणालाही तिने काहीबाही सांगून पटवलं असतं. याला काय सांगणार?

"पट्टी कापल्यावर हवा सुटली?"

"हो."

"म्हणजे मी चाक हवेत असतानाच आवळली."

"होतं रे बाबा कधीतरी..."

"माझ्याकडून नाही होत."

दोघं गाडीखाली आडवे पडून होते, मध्ये फक्त गिअरबॉक्स. तो वर बघत होता. त्याला इतकं घाबरलेलं तिने कधीच पाहिलं नव्हतं.

"किती दिवस दिसतंय तुला हे?" त्याने विचारलं. ग्रीसबद्दल तो विचारत नव्हता.

"ईस्टरपासून."

"आणि अशा गाडीत बसवून मी तुला वाळवंटात पाठवत होतो." त्याने डोळे मिटले. "पट्टी आवळ पोरी. मग त्या डॉक्टरला फोन लाव आणि इकडे दे. मी इथेच पडून बोलतो. बाहेर आलो की पुन्हा नाही म्हणेन."