पहिला मास्क

सूचना दुसरीच कोणी वाचायची. रविनाने फक्त विमानाच्या वाटेत उभं राहून पिवळा मास्क आपल्या तोंडाशी धरून दाखवायचा. आधी स्वतःला, मग मुलाला. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून एवढं करतानाच तिचा हात जड व्हायचा. किन्हवलीत त्यांच्या घरी पोराचं पोट भरल्याशिवाय बाई ताटावर बसत नाही, आणि इथे ती रोज दीडशे माणसांना उलटं शिकवत होती.

त्या दिवशीही विमान निघण्याआधी तिने आईला फोन केला. नवरा मनोज पहाटेच आसनगावला गाडी पकडायला गेलेला. घरात आई देवकी आणि सव्वा वर्षाची चिऊ, दोघीच.

"शुगरची गोळी घेतलीस?"

"घेतली गो. पोरीचं झालं का मी खाते."

"अगं, ती एक घास तासभर चघळते! गोळी घेऊन उपाशी राहिलीस की साखर उतरते. मागच्या आठवड्यात चूल धरून बसली होतीस ना? हात थरथरत होते."

"मग काय पोरीच्या आधी गिळू? तू जा तुज्या इमानात."

रविनाने फोन बंद केला, पण चूल धरून बसलेली आई काही डोळ्यांपुढून हलेना.

सतराव्या रांगेत, वाटेच्या कडेला, एक बाई कडेवरचं पोर छातीशी घट्ट धरून बसली होती. शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. बाळावर हाताने शिवलेली गोधडी, आणि बाईच्या हिरव्या बांगड्यांना चार-पाच सेफ्टी पिना लटकवलेल्या. देवकीच्या बांगडीला असतात तशाच.

"ताई, यो पट्टा कसा लावायचा? मना नाय जमत."

रविना चमकलीच. "कुठल्या तुम्ही?"

"वैशाखऱ्याची. भिमी. पोरीचा बाप गुवाहाटीला बोगद्याच्या कामाला हाय. त्याने अजून तोंड नाय बघितलं हिचं."

"मी किन्हवलीची."

"आगं बया! मंग आमचीच की तू," भिमी म्हणाली आणि एकदम अगंतुगंवर आली. रविनाने बाळासाठीचा जास्तीचा पट्टा लावून दिला. बाळ सात महिन्यांचं, टक्क जागं.

तासाभराने रविना रिकामे कप गोळा करत सोळाव्या रांगेपाशी आली होती. आधी कान दडपले. ती थबकली. मग कुठूनतरी लांबलचक सुस्कारा ऐकू आला आणि गार वारा पायांवरून सरकत गेला. विमानातली हवा बाहेर चालली होती; बघता बघता सगळीकडे पांढरं धुकं. वरची झाकणं फटाफट उघडली, पिवळे मास्क डोक्यांवर लोंबकळू लागले. कोणीतरी ओरडलं, "धूर! धूर!" विमानाने नाक खाली घातलं.

प्रशिक्षणात शंभरदा केलेलं अंगाने आपोआप केलं. प्रत्येक रांगेत एक मास्क जास्त असतो. सोळाव्या रांगेतला तो तिने ओढला, तोंडावर दाबला आणि खुर्चीचा हात धरून खाली बसली. नियम सरळ होता. विमान खाली येईपर्यंत जागचं हलायचं नाही. हवा विरळ असताना मास्क सोडून उभा राहिलेला माणूस पाऊण मिनिटात कोसळतो.

मग तिने मागे पाहिलं. सतराव्या रांगेवरचं झाकण बंदच होतं.

भिमीला काही कळत नव्हतं. धुकं दिसल्याबरोबर तिने माळशेजच्या घाटात करतात तेच केलं होतं. बाळाला वारं लागू नये म्हणून गोधडी डोक्यावरून ओढून पोर पार गुंडाळून टाकलं होतं. नाक नाही, तोंड नाही, नुसतं गाठोडं. आणि ते गाठोडं हलत नव्हतं.

झाकणाच्या कडेला बारीक भोक असतं. त्यात सुई खुपसली की ते उघडतं. पण ती सुई मागे पेटीत, बारा रांगा लांब. केसांत आकडा असता तर! बाळंतपणानंतर केस गळायला लागले म्हणून तिने ते मानेपर्यंत कापून टाकले होते.

मी गेले तर चिऊला कोण? हा विचार आला तेव्हा ती छाती भरून श्वास घेत होती. तिने मास्क सोडला.

"पिन दे! पिन!" भिमीला ऐकूच गेलं नाही. रविनाने तिचं मनगट धरून बांगडीतली पिन हिसकली, सरळ केली. हात वर. पिन भोकावरून घसरली. डोळ्यांच्या कडा काळ्या पडू लागल्या. भोकं दोन दिसायला लागली. तिने बोटाने चाचपून पिन दाबली. टक् झालं. मास्क खाली पडले.

हवा सुरू व्हायला मास्क ओढावा लागतो. तिने तो ओढला. भिमीने झडप घालून तो गोधडीत कोंबायला घेतला.

"पयला बालाला! पयला बालाला!" पण तिचे ओठ निळे पडले होते, बोटांना गोधडीचं टोकही सापडत नव्हतं. मांडीवरचं पोर घसरत चाललं होतं.

रविनाने तो मास्क तिच्या हातातून खेचला आणि तिच्याच तोंडावर दाबला. भिमीने नखांनी ओरबाडलं. रविनाने सोडलं नाही. दुसऱ्या हाताने शेजारचा मास्क ओढून स्वतःला चढवला, दोन श्वास घेतले, तेव्हा कुठे डोळ्यांपुढचं काळं मागे हटलं. मग तिने गोधडी फेडली. बाळाचं तोंड राखेच्या रंगाचं. उरलेल्यांतला एक मास्क ओढून त्या एवढ्याशा तोंडावर धरून ती गुडघ्यांवर बसली आणि मोजू लागली. एक. दोन. सात. अकरा.

अकराला बाळाने पाय झाडला. मग ते मास्कच्या आतच किंचाळलं.

विमान तातडीने नागपूरला उतरवल्यावर डॉक्टरांनी बाळाला तपासलं. छाती साफ होती, बोटं गुलाबी झाली होती. भिमी बाकावर बसून रविनाकडे बघत होती.

"मना पयला लावलंस. माजी पोर मेली असती तर?"

"तू पडली असतीस तर तिला धरणार कोण होतं?"

भिमीने मांडीवरच्या पोरीची गोधडी सारखी केली. "तुला पोर हाय?"

"आहे."

"आन् तू उठलीस?"

रविनाच्या ओरबाडलेल्या हातावर रक्त सुकलं होतं. त्याच हाताने तिने किन्हवलीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. चार. पाच. सहा.

"काय गो?" आईचा आवाज जरा ओढल्यासारखा होता. "दुपारची गोळी घेतली. चिऊ अजून ताटाशी खेळतेय. तिचं झालं का..."

"आई, ताट तुझ्याकडे ओढ. आधी तू खा."

"असं कसं..."

"आत्ता. फोन चालू ठेव. मला चावण्याचा आवाज येऊ दे."

पलीकडे ताट सरकलं. चिऊ रडायला लागली. रविना डोळे मिटून ते रडणं ऐकत उभी राहिली, आईने पहिला घास गिळेपर्यंत.