जमीन सुटल्याचा दाखला

त्या काळात उडण्याच्या बातम्या रोज यायच्या आणि त्यातल्या निम्म्या खोट्या निघायच्या. पिसं चिकटवून मनोऱ्यावरून उडी मारणारे आणि मग जन्मभर काठी टेकत चालणारे लोक तर शेकडो वर्षांपासून होतेच. पुढे गरम हवेचे फुगे आले. त्यात आधी माणूस बसलाच नाही. मेंढी, बदक आणि कोंबडा यांना बसवलं, म्हणजे काही बरंवाईट झालं तर तक्रार करायला कोणी नको. नंतर पंख बांधून टेकडीवरून तरंगणारे आले. आणि आता दूर कुठेतरी दोन भावांनी इंजिन लावून बारा सेकंद हवेत काढले, अशी खबर होती. बारा सेकंदांत माणसाचा धड एक बूटही घालून होत नाही. पण त्या बारा सेकंदांनी गावोगावच्या कारागिरांची झोप उडवली.

आपल्या गोष्टीतल्या गावात ती एका खुर्चीवाल्याची उडाली. हा तरुण वेताच्या खुर्च्या विणायचा आणि त्या इतक्या हलक्या असायच्या, की दारातून वारा आला तर गिऱ्हाइकाच्या आधी खुर्चीच उठून उभी राहायची. त्याने वेत, लाकूड आणि कापड यांचं दुमजली पंखांचं विमान बांधलं, पंपाच्या कारखान्यातून एक इंजिन महिन्याच्या बोलीवर मागून आणलं आणि नगरमंडळाकडे अर्ज केला. मंडळाने ठरवलं, की परेडच्या मैदानावर त्याने तीनदा प्रयत्न करावा. विमान खरंच उडालं तर मंडळ तसा दाखला देईल आणि मैदानाकडेची मोठी शेड त्याला कायमची वापरायला मिळेल. फक्त ते उडालं की नाही, हे सांगायला एक विश्वासाचा माणूस हवा.

असा माणूस गावात एकच होता, सरकारी मोजणीदार. आणि घोडं अडलं ते इथेच, कारण मोजणीदार हा खुर्चीवाल्याचा सख्खा मेहुणा, त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

मोजणीदाराने आपण होऊन मंडळाला सांगितलं, की हे नात्यातलं काम आहे, मला यातून वगळा. मंडळाचा अध्यक्ष होता औषधाच्या दुकानाचा मालक. तो हसायलाच लागला. याच मोजणीदाराने सात वर्षांपूर्वी स्वतःच्या वडिलांची भिंत चार बोटं रस्त्यात आलेली शोधून काढली होती आणि वडील ओट्यावर बसून बघत असताना ती पाडायला लावली होती. असा माणूस मेहुण्याला सोडेल, याची गावात कोणालाच काळजी नव्हती. गाव त्याला पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणायचं, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघतो तो. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडायचंही.

त्याने लगेच नियम लिहून काढला. चाकं जमिनीवरून सुटली पाहिजेत आणि सपाट जमिनीवर सुटलेली राहिली पाहिजेत. नुसत्या डोळ्यांवर भरवसा नको, म्हणून धावपट्टीवर चुन्याची फक्की पातळ पसरायची. चाक टेकलेलं असेल तिथे खूण उमटेल, सुटलं असेल तिथे उमटणार नाही. याशिवाय तो स्वतः बाजूला पालथा पडून, गाल मातीला लावून चाकांकडे बघणार. बायकोने विचारलं, की तो चांगला कोट घालून पालथे पडणार आहात का. त्याने पेटीतला जुना कोट बाहेर काढून ठेवला.

पहिल्या प्रयत्नाला सगळं गाव लोटलं. इंजिन असं ओरडलं, की अध्यक्षांच्या हातातला कागद थरथरला. विमान मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या डौलात धावलं आणि कुंपणात शिरून थांबलं. फक्कीवर दोन रेघा उमटल्या होत्या, सरळ आणि अखंड.

“भाऊजी, मधे एकदा मला स्पष्ट जाणवलं,” खुर्चीवाला धापा टाकत म्हणाला. “माझं पोट वर गेलं होतं.”

“पोटाबद्दल नियमात काही नाही,” मोजणीदार म्हणाला आणि त्याने वहीत एकच शब्द लिहिला, ‘चालले’.

दुसरा प्रयत्न आठ दिवसांनी झाला. या वेळी मैदानाच्या मध्यावर फक्कीतल्या रेघा तुटल्या. नऊ फूट नुसता पांढरा पट्टा आणि मग पुन्हा रेघा. लोकांनी टोप्या उडवल्या. खुर्चीवाल्याला खांद्यावर घेतलं. त्याची बहीण, म्हणजे मोजणीदाराची बायको, सगळ्यांच्या पुढे होती आणि रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

मोजणीदार मात्र गुडघ्यांवर बसून सपाटी तपासायची पाणसळ जमिनीवर ठेवत होता. मग तो उठला आणि त्याने शांतपणे सांगितलं, की इथे खळगा आहे. वेगात येणारी कुठलीही गाडी त्याच्या काठावरून पलीकडे टप्पा घेणारच.

कोणाचाच विश्वास बसेना. तेव्हा त्याने दूधवाल्याला त्याची रिकामी गाडी त्याच वाटेने भरधाव हाकायला सांगितली. दूधवाला बिचारा बघायला म्हणून आला होता. त्याने घोड्याला चाबूक दाखवला, गाडी खडखडत गेली, आणि फक्कीवर मधोमध सात फूट कोरी जागा राहिली.

“दूधवाल्याला दाखला द्यायचा असेल तर यालाही देऊ,” मोजणीदार म्हणाला.

त्या दिवसापासून गावात दूधवाल्याला ‘वैमानिक’ म्हणायला लागले. दुधात पाणी जास्त झालं की लोक म्हणायचे, आज वैमानिक ढगातून आलेले दिसतात.

घरी मात्र मोजणीदारावर वेगळीच पाळी आली. त्याच्या बायकोने भांडण केलं नाही. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने ताटात चार उकडलेले बटाटे वाढले, चारही एकाच मापाचे, आणि शेजारी त्याची फूटपट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी पेल्यात अगदी काठोकाठ भरलं आणि विचारलं, की पाणसळ आणू का. तिसऱ्या दिवशी ती ताटासमोर बसली आणि पहिल्यांदा मनातलं बोलली.

“खोटं लिहा असं मी म्हटलं नसतं,” ती म्हणाली. “पण माझ्या भावाला तुम्ही दुधाच्या गाडीच्या रांगेत उभं केलंत. तेही हसत हसत.”

“मी हसलो नाही.”

“तेच तर. हसला असतात तर थट्टा म्हणून सोडून दिलं असतं.”

मोजणीदार अर्ध्या ताटावरून उठला. संध्याकाळी तो एकटाच मैदानावर गेला आणि सगळं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासून आला. तपासलं आणि त्याच्या लक्षात आलं, की खुर्चीवाला दोन्ही वेळा चढावर धावला होता. मैदान डोळ्यांना सपाट दिसायचं, पण पूर्वेच्या अंगाला ते चार फूट उंच होतं. बाकं पूर्वेला मांडलेली, आणि त्या पोराला लोकांच्या तोंडासमोर उडायचं होतं. शिवाय वारा सकाळ-संध्याकाळ पश्चिमेकडून यायचा, म्हणजे विमानाच्या पाठीमागून. पश्चिमेच्या कुंपणापलीकडे परटिणीचं शेत होतं. तिथे वाळत घातलेल्या चादरी मैदानाच्या दिशेने फडफडत होत्या, जणू काही दिवसभर हेच सांगत होत्या.

आता आली पंचाईत. परीक्षकाने उमेदवाराला उत्तर सांगायचं नसतं. आणि इंजिन परत द्यायला चारच दिवस उरले होते.

त्या रात्री जेवताना मोजणीदार मिठाच्या भांड्याशी बोलायला लागला. बायकोकडे त्याने बघितलंही नाही. तो भांड्याला सांगत होता, की रस्ता बांधणाऱ्याला जमिनीचा उतार माहीत असावा. की परेडचं मैदान पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरतं. की पतंग उडवायचा तर माणूस वाऱ्याकडे तोंड करून पळतो, पाठ करून नाही. आणि हे आपण कोणालाही सांगत नाही आहोत.

त्याने मान वर केली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. बाहेरचं फाटक वाजलं. बायको शालही न घेता भावाकडे गेली होती.

तिसऱ्या प्रयत्नाच्या सकाळी खुर्चीवाल्याने अध्यक्षांना सांगितलं, की या वेळी मी उलट बाजूने, पूर्वेकडून निघणार. अध्यक्षांनी पट्टीकडे बघितलं. फक्की आधीच पूर्वेकडून पसरून तयार होती, खळगाही मातीने बुजवलेला होता. अध्यक्ष तसा भोळा माणूस, पण आंधळा नव्हता. त्याने मोजणीदाराला विचारलं, की तुम्हाला हे आधीच कसं कळलं.

मोजणीदाराचे कान लाल झाले. पण खोटं बोलणं त्याला येतच नव्हतं.

“मी मिठाच्या भांड्याशी बोललो,” तो म्हणाला. “आमचं घर लहान आहे, ऐकू जातं. आणि मैदानाचा उतार माझ्या नकाशात लिहिलेला आहे. तो नकाशा अकरा वर्षं तुमच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर टांगलेला आहे. ज्याला वाचायचा असेल त्याने वाचावा.”

अध्यक्ष हसला. मग म्हणाला, की भिंतीवरचं वाचणं काही गुन्हा नाही, चला.

लोक बाकं सोडून उत्तरेच्या दोरीपाशी रांगेत उभे राहिले. मोजणीदार समोरच्या बाजूला, दक्षिणेकडे, पालथा पडला आणि त्याने गाल मातीला लावला. इंजिन सुरू झालं. विमान उताराने वाऱ्याच्या तोंडावर निघालं. चाकाखाली फक्की उडत होती. मग खूण पुसट झाली. मग संपली.

चाक आणि जमीन यांच्यामधून त्याला पलीकडच्या लोकांचे बूट दिसले. एक बोटभर फट होती ती. बघता बघता बुटांचे गुडघे झाले. मग कोट दिसले, मग टोप्या, आणि मग चाकाखाली टोप्यांच्याही वरचं निळं आभाळ दिसायला लागलं. त्या क्षणी मोजणीदार नियमातलं एक कलम मोडून उठला आणि जुन्या कोटाची शेपटं उडवत विमानामागे धावत सुटला. गावाने ओळंब्याला आयुष्यात पहिल्यांदा पळताना बघितलं. निम्म्या लोकांना आज नक्की कोणाकडे बघावं ते कळेना.

विमान फक्कीचा पट्टा ओलांडून गेलं, कुंपण ओलांडून गेलं आणि परटिणीच्या शेतात, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उतरलं. उतरलं हा शब्द नातेवाइकांचा. परटीण पडलं म्हणत होती. एक पंख दुमडला होता. खुर्चीवाला चादरीत गुंडाळलेल्या अवस्थेत विमानात बैठक म्हणून लावलेल्या आपल्या वेताच्या खुर्चीवर ताठ बसला होता, नाकाला थोडं खरचटलेलं.

“भाऊजी,” त्याने चादरीतून विचारलं, “चाललं का?”

मोजणीदाराला दम लागला होता. त्याने नुसती मान नकारार्थी हलवली. पोराचा चेहरा पडला.

“चाललं नाही,” मोजणीदार अखेर म्हणाला. “उडालं.”

मग मोजणी झाली. साखळीचं एक टोक बायकोने धरलं, दुसरं त्याने. फक्कीवरच्या शेवटच्या खुणेपासून उतरतानाच्या पहिल्या खुणेपर्यंत, म्हणजे परटिणीच्या शेतात चाक रुतलं तिथपर्यंत, दोनशे सतरा फूट भरले. खुर्चीवाल्याचं म्हणणं होतं, की चाक रुतल्यावर तो स्वतः खुर्चीसकट आणखी चार फूट पुढे गेला, ते धरावेत. मोजणीदाराने त्याला परत पोटाबद्दलचं कलम सांगितलं. या वेळी बहीणही हसली.

दाखल्यात एक रकाना होता, ‘परीक्षकाने काय पाहिले’. तिथे मोजणीदाराने लिहिलं, ‘बूट, गुडघे, कोट, टोप्या, आकाश. त्यापुढे मी धावत होतो.’ अध्यक्षांनी सुचवलं, की जरा भारदस्त काहीतरी लिहा. तो म्हणाला, की दिसलं ते हेच. अध्यक्षांनी शिक्का मारला.

एक रकाना मात्र रिकामा राहिला. किती सेकंद उडालं, हे बघायचं काम घड्याळजीकडे होतं. तो दोन घड्याळं घेऊन उभा होता आणि दोन्हींकडे बघायचं विसरला. गावात विचारावं तर कोणी म्हणे पाच सेकंद, कोणी म्हणे पाच मिनिटं. दूधवाला म्हणे, माझ्याइतकंच, पण जरा उंच.

रात्री घरी मोजणीदार त्या रिकाम्या रकान्याकडे बघत बसला होता. बायको भांडी आवरून शेजारी येऊन बसली.

“मी सांगू?” ती म्हणाली. “तो वर गेला तेव्हा मी श्वास रोखला, आणि चादरीतून त्याचं डोकं बाहेर आलं तेव्हा सोडला.”

“तो खाली टेकला कधी?”

“त्याच्या जरासं आधी. पण तेवढं तुम्ही वजा करा.”

“म्हणजे किती वेळ?”

“ते मला काय माहीत? पण तस्साच पुन्हा रोखून दाखवते.”

मोजणीदाराने एक क्षण विचार केला. नियमात असं काही नव्हतं. मग त्याने खिशातून घड्याळ काढलं, टेबलावर दोघांच्या मधे ठेवलं आणि बोटाने खूण केली. बायकोने गाल फुगवले, डोळे मिटले आणि भाऊ पुन्हा एकदा कुंपणावरून जाताना बघितला. तिने श्वास सोडला तेव्हा काटा तेरावर होता. त्याने दोन वजा केले, रकान्यात पेन्सिलीने ‘अकरा’ लिहिलं आणि पुढे कंसात ‘अंदाजे’ असं लिहायला घेतलं. तिने त्याच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.