मार्चमध्ये लिहिलेला मजकूर

मारिट टोलेफसनने सोमवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा कोर्स सोडला. नऊ वाजून पाच मिनिटांनी तिने लॅपटॉप मिटला, बाह्या वर सारल्या आणि असं काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने ती सिंकमधले काचेचे ट्रे घासायला लागली. वाचकांनीही सध्या तेच धरून चालावं.

ट्रे तेवीस होते. आईला शुक्रवारी दुपारी पुरलं, आणि तेव्हापासून गाव दारात हॉटडिश आणून ठेवत होतं. खाली खिमा, मध्ये डब्यातलं मशरूमचं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांच्या सरळ रांगा. मिनेसोटाच्या त्या भागात कुणी गळ्यात पडून रडत नाही. ज्याला जितकं वाईट वाटतं तितक्या त्याच्या रांगा सरळ येतात. प्रत्येक ट्रेच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव होतं, कारण दुःख आपल्या जागी, ट्रे परत यायला हवा.

वडील, आर्लन, ट्रे पुसून टेबलावर मांडत होते. ते शाळेची बस चालवत, म्हणून त्यांनी ट्रे बसच्या थांब्यांच्या क्रमाने लावले होते.

"बर्ग्लुंड आधी की ओडेगार्ड?" मारिटने विचारलं.

"ओडेगार्ड. बर्ग्लुंडांच्या फाटकाशी बस वळत नाही."

"तुम्ही ट्रे बसने नेणार आहात?"

"नाही. पण सवय मोडायला नको." त्यांनी फडकं पिळलं. "गुरुवारी परीक्षा ना तुझी? ती कार्बनची?"

"कार्बनचीच."

"मग बरं आहे."

'मग बरं आहे' हे आर्लनचं सर्व प्रसंगांना चालणारं वाक्य होतं. मंगळवारी नर्सने आईची नाडी सोडली, घड्याळ पाहिलं आणि आता त्यांना त्रास नाही असं सांगितलं, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

गुरुवारच्या परीक्षेला चार प्रकरणं होती आणि मारिटने त्यांतलं एकही उघडलं नव्हतं. गेले तीन आठवडे ती आईच्या खाटेशी बसून होती. पुस्तक मांडीवर होतं खरं, पण त्याच्यावर औषधांची वाटी ठेवायला. ऑर्गॅनिकमध्ये नापासाचा शेरा एकदा बसला की मेडिकल कॉलेजं अर्ज हातातही घेत नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं.

हा कोर्स पुढे ढकलता आला असता. ऑगस्टमध्ये डीनच्या कार्यालयातल्या बाईंनी तसं सुचवलंही होतं. पण ऑगस्टमध्ये मारिटने स्वयंपाकघरात विषय काढला, तेव्हा आईने डोक्याचा रुमाल नीट केला होता आणि विचारलं होतं,

"पुढच्या वर्षी का? यंदा काय झालंय?"

"काही नाही. जरा सोपं जाईल."

"हे बघ, तू ढकललास तर मी समजेन की तुला काहीतरी माहीत आहे."

मारिटला सगळं माहीत होतं. तिने त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं. आईने पाहावं म्हणून लॅपटॉप तिच्याकडे वळवूनच.

आणि आईलाही सगळं माहीत होतं. मार्चमध्येच पिवळ्या वहीत तिने स्वतःच्या निधनाची बातमी लिहून ठेवली होती, कारण नवऱ्यावर सोपवली तर ती एका ओळीत उरकेल याची तिला खात्री होती. तिने लिहिलं होतं, 'मुलगी मारिट डॉक्टर होणार आहे.' गावच्या साप्ताहिकाला जागा कमी पडली आणि त्यांनी 'होणार' काढलं. त्यामुळे दफनानंतर चर्चच्या तळघरात, हॅमच्या सँडविचांसमोर, गाव रांगेने मारिटकडे आलं. लव्हॉन ओडेगार्डकाकूंनी मानेवरचा तीळ दाखवला. त्यांच्या दिराने बूट काढला.

"हा अंगठा बघ. काय वाटतं?"

"काका, मी अजून डॉक्टर नाही."

"पेपरात आलंय, पोरी."

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता कोर्स सोडण्याची मुदत संपली, तेव्हा मारिट त्या अंगठ्याकडे पाहत होती.

आता टेबलावरचा फोन वाजला. हात फेसात होते, म्हणून तिने कोपराने बटण दाबलं, आणि आवाज सगळ्या स्वयंपाकघरात पसरला.

"मारिट? डीनच्या कार्यालयातून पेनेलोप क्रोल. तुमच्या आईबद्दल कळलं. फार वाईट वाटलं."

"आभारी आहे."

"तुमचा ऑर्गॅनिक सोडण्याचा अर्ज सकाळी आला. तो आलाच नाही असं आम्ही धरलंय."

आर्लनच्या हातातलं फडकं थांबलं.

"का, मॅडम?"

"मुदत शुक्रवारी पाचची होती."

"शुक्रवारी दोनला दफन होतं."

"ते लक्षात घेतलंय. पण मुदतीनंतर कोर्स सोडायचा तर प्रसंग अनपेक्षित लागतो. तुम्ही जोडलेलं कात्रण सुंदर आहे, मी दोनदा वाचलं. फक्त त्यात शेवटी असं आहे—" कागद सळसळला. "'हा मजकूर मी मार्चमध्ये स्वतः लिहिला आहे. चुका आढळल्यास दुरुस्तीला मी उपलब्ध नसेन.'"

"तो तिचा विनोद होता."

"हो, मी हसलेही. पण मार्च, मारिट. तुम्ही नाव ऑगस्टमध्ये नोंदवलंत. मी तेव्हाच विचारलं होतं, घरी काही आहे का, पुढे ढकलायचं का? माझ्याकडे नोंद आहे. तुम्ही म्हणालात, 'ढकलण्यासारखं काही कारण नाही.'"

मारिटने हातातला ट्रे फेसात सोडला. नळ टपकत होता.

"ती अपघातात गेली असती तर?"

"तर आत्ता मंजूर झालं असतं." क्रोलबाई अडखळल्या. "म्हणजे, मला तसं म्हणायचं नव्हतं. फॉर्मवर तशा चौकटी आहेत. अपघात, आकस्मिक आजार, नैसर्गिक आपत्ती."

"वीज?"

"वीज आपत्तीत येते."

"तिच्या आजाराला कुठली चौकट?"

"दीर्घ आजाराला चौकट नाही. त्याला नियोजन अपेक्षित असतं." त्यांचा आवाज उतरला. "समितीकडे विनंती करता येते. तीन ओळींची जागा आहे."

"समितीने कधी कुणाचं ऐकलंय?"

"दोन हजार नऊमध्ये एकाचं. त्याचं वसतिगृह पुरात गेलं होतं."

"आणि नाही ऐकलं तर गुरुवार."

"गुरुवारी सकाळी आठ. वेळेवर या, दार लावून घेतात."

फोन बंद झाला. आर्लनने हातातला ट्रे पुन्हा पुसायला घेतला. तो मघाच कोरडा झाला होता.

"सोडलास?" त्यांनी विचारलं.

"सुटला नाही."

"मला सांगायचं होतंस."

"काय म्हणाला असता तुम्ही? मग बरं आहे?"

ते लागलं. त्यांनी मान हलवली, जणू हिशेब बरोबर आहे, आणि ट्रे उलटा केला. बुडाला पिवळी पडलेली पट्टी होती, तिच्यावर आईच्या तिरक्या अक्षरात 'कॅरिन टी.' लव्हॉनकाकूंचा नवरा गेला तेव्हा आईने तो भरून नेला होता. काकूंनी सहा वर्षांनी परत केला, तोही भरून.

आर्लनने टेबलावरची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. ट्रे ओडेगार्डांच्या शेजारी ठेवला, उचलला, शेवटी ठेवला, पुन्हा उचलला. त्याला थांबा नव्हता.

"त्या बाई म्हणाल्या ते खरं का?" त्यांनी विचारलं. "तुला मार्चपासून ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं, बाबा. डॉक्टरांनी आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं. तुम्ही होतात. तुम्ही हॉस्पिटलच्या पार्किंगची चिठ्ठीसुद्धा शिक्का मारून घेतलीत."

"घेतली," ते म्हणाले. ट्रे त्यांनी पोटाशी धरला होता, दोन्ही हातांनी. "पण मला नव्हतं ठाऊक."

ते एवढंच बोलले आणि खिडकीकडे वळून उभे राहिले. बाहेर अंगणात त्यांची पिवळी बस उभी होती. मारिट त्यांच्या पाठीकडे पाहत राहिली. मग तिने हात पुसले, लॅपटॉप उघडला आणि समितीचा फॉर्म काढला. चौकटी तिने तशाच कोऱ्या सोडल्या. खाली तीन ओळींची जागा होती. तिला चार लागल्या.

'अर्जदाराच्या आईचा मृत्यू मार्च महिन्यापासून अपेक्षित होता, हे अर्जदारास कागदोपत्री मान्य आहे. तथापि घरातील कोणीही प्रत्यक्षात त्याची अपेक्षा केलेली नव्हती. वडिलांनी तर अद्यापही केलेली नाही. सबब सदर मृत्यू अनपेक्षित समजण्यात यावा, ही विनंती.'